शाळा, घर आणि मधली गल्ली

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेनंतर आमच्या शाळेत पालकसभा होती. पालकसभा म्हटलं तरी आमच्याकडे येतात त्या बहुतेक आयाच. वडील कुणी वाळूजला पहिल्या पाळीत, कुणी गॅरेजवर, कुणी हातगाडीवर. सातवीतल्या एका मुलाचे गुण एकदम घसरले होते. त्याच्या आईला मी तेच सांगितलं जे गेली वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. घरी त्याचा अभ्यास घेत जा. रोज एक तास सोबत बसा.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, हमकू अलिफ-बे बी नै आती. बैठके क्या करना?"

मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पुढच्या पालकाला बोलावलं. पण तो प्रश्न माझ्यासोबत घरी आला. बी.एड.ला आम्ही 'घर आणि शाळा यांचे सहकार्य' असा धडा पाठ केला होता. त्यात घर म्हणजे काय हे गृहीतच धरलेलं होतं. अभ्यासाची खोली असलेलं, वर्तमानपत्र येणारं, शाळेचीच भाषा बोलणारं घर. ज्या घरात यातलं काहीच नाही, तिथे सहकार्य कसं करायचं, हे त्या धड्यात नव्हतं.

मग मी माझ्या नेहमीच्या सवयीने मागे पाहू लागलो. आपल्या या शहरात, त्याला औरंगाबाद म्हणा की छत्रपती संभाजीनगर, घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, घरात पुस्तक नाही आणि शाळेत पुस्तकाशिवाय काही नाही, अशी मुलं पहिल्यांदाच आली आहेत का? शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सुरुवात माझ्याच घरात झाली.

आजोबांची सही

माझे आजोबा निजामाच्या काळात शिकलेले. उर्दूतून मिडलपर्यंत. अक्षर मोत्यासारखं. त्या काळी आमच्या मोहल्ल्यात एवढं शिकलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. लोक त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येत.

तेव्हाचं शिक्षण समजून घ्यायला हवं. हैदराबाद संस्थानात सरकारदरबारची भाषा आधी फारसी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिची जागा उर्दूने घेतली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं, आणि या विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचं ठरवलं. इंग्रजांच्या काळात एका भारतीय भाषेतून विज्ञान, कायदा, वैद्यक शिकवायचं ही साधी गोष्ट नव्हती. त्यासाठी हैदराबादला 'दारुल तर्जुमा' हे भाषांतराचं खातं उभं केलं गेलं. त्याचे पहिले प्रमुख होते मौलवी अब्दुल हक, ज्यांना उर्दूवाले 'बाबा-ए-उर्दू' म्हणतात.

या अब्दुल हक साहेबांच्या आयुष्यातली मोठी वर्षं आपल्याच शहरात गेली. ते इथे शिक्षण खात्याचे अधिकारी म्हणून आले. 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेची जबाबदारी त्यांच्याकडे आली तेव्हा तिचं दफ्तरही औरंगाबादला आलं. 1921 पासून 'उर्दू' नावाचं त्रैमासिक इथून निघू लागलं. 1923 साली इथे इंटरमीजिएट कॉलेज सुरू झालं. तेच आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय, किलेअर्कवरचं. अब्दुल हक त्याचे प्राचार्य होते. अंजुमन 1938 च्या सुमारास दिल्लीला गेली. पण साधारण पाव शतक उर्दूच्या दुनियेत औरंगाबादचं नाव दिल्ली-लखनौच्या बरोबरीने घेतलं जात होतं.

आमच्या लोकांना हा इतिहास सांगायला आवडतो. मलाही आवडतो. पण तो इथेच थांबवला तर अर्धाच राहतो.

ज्यांची भाषा वर्गाबाहेर राहिली

त्याच काळात मराठवाड्यातल्या खेड्यात एक मराठी मूल शाळेत जात होतं. घरात मराठी, शेतात मराठी, भजनात मराठी. खालच्या वर्गांत मराठी चालून जाई, पण वर जावं तशी उर्दू येई, आणि मिडलनंतर तर सगळंच उर्दूतून. गणितही, भूगोलही, इतिहासही. घरी आईला त्यातलं एक अक्षर कळत नसे. आपल्या आजच्या त्या आईसारखीच तीही म्हणत असेल, बसून करू काय?

हे आपण, उर्दूवर प्रेम करणाऱ्यांनी, मोकळेपणाने कबूल केलं पाहिजे. उस्मानियाने एका भारतीय भाषेला विद्यापीठाची पायरी चढवली हे खरं. ती भाषा संस्थानातल्या बहुसंख्य मुलांच्या घरात बोलली जात नव्हती हेही तितकंच खरं. तेलुगू, मराठी, कानडी बोलणाऱ्यांच्या मुलांना स्वतःच्या भाषेतून वर जाण्याचा रस्ता जवळपास नव्हता.

मग त्या लोकांनी काय केलं? त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. सरकारची परवानगी लागायची, ती सहजी मिळायची नाही, पैसा नसायचा. तरी काढल्या. आपल्या शहरात 1915 साली सरस्वती भुवन सुरू झालं. गुलबर्ग्याला नूतन विद्यालय त्याआधीचं. अंबाजोगाईला, ज्याला तेव्हा मोमिनाबाद म्हणत, योगेश्वरी. लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्याला 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. या हिप्परग्याच्या शाळेत पुढे एक माणूस शिक्षक होऊन आला. स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्याआधी ते खेड्यातले मास्तर होते, हे आपल्या लक्षात राहत नाही. हिप्परग्यानंतर ते मोमिनाबादला शिकवायला गेले.

या शाळा फक्त वर्ग भरवणाऱ्या नव्हत्या. मुलं आसपासच्या गावांतून यायची, तिथेच राहायची, तिथेच जेवायची. शिक्षक त्यांच्यासोबत राहायचे. म्हणजे घरात जे मिळू शकत नव्हतं ते शाळेने घर होऊन दिलं.

1938 सालची एक गोष्ट मला नेहमी आठवते. त्या वर्षी इथल्या कॉलेजच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थी आणि अधिकारी यांच्यात वाद झाला. तो हैदराबादच्या वसतिगृहांपर्यंत पसरला आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. त्यांचं शिक्षण तिथेच संपायचं, पण नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. त्यांतले एक पी. व्ही. नरसिंह राव, पुढे देशाचे पंतप्रधान झाले. गाण्याबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो. एका शहराने दार लावलं तेव्हा दुसऱ्याने उघडलं. शिक्षक म्हणून मला त्या घटनेतलं तेवढंच महत्त्वाचं वाटतं.

शिकलेले आजोबा अडाणी झाले

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली. 13 तारखेला फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 ला निजामाने शरणागती दिली. त्याआधी रझाकारांनी केलेले अत्याचार आणि त्यानंतर मराठवाड्याच्या अनेक गावांत मुसलमानांवर गुदरलेला प्रसंग, दोन्ही खरे आहेत. दुसऱ्याची नोंद सुंदरलाल समितीने केली. आमच्या घरात त्या दिवसांबद्दल कुणी फार बोलत नसे. आजी फक्त 'वो साल' म्हणायची, आणि विषय बदलायची.

पुढे 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 ला महाराष्ट्रात. तहसील कचेरीतले कागद मराठीत आले. दुकानांवरच्या पाट्या बदलल्या. न्याय्यच होतं ते. लोकांची भाषा लोकांना परत मिळत होती. उस्मानियाची माध्यमभाषाही बदलून इंग्रजी झाली होती.

पण आमच्या घरात काय झालं, तर मोत्यासारखं अक्षर असलेले माझे आजोबा एका रात्रीत अडाणी झाले. जो माणूस मोहल्ल्याचे अर्ज लिहायचा, त्याला नळपट्टीची नोटीस वाचता येईना. सरकारी कागदावर ते उर्दूत सही करत. एकदा कारकुनाने विचारलं, "अंगठा द्यायचा का?" ही गोष्ट त्यांनी माझ्या वडिलांना फक्त एकदा सांगितली होती. वडिलांनीही मला एकदाच सांगितली.

माझे वडील नेमके त्याच वर्षांत शाळेत जाऊ लागले. आता पाहा, इतिहास कसा उलटा फिरला. तीस वर्षांपूर्वी मराठी मुलाच्या घरात जे होत होतं, तेच आता आमच्या घरात. मुलगा शाळेतून मराठीचं पुस्तक घेऊन येतो आणि शिकलेल्या बापाला ते वाचता येत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त मास्तर राहत. मराठी, हिंदू. त्यांचं स्वतःचं सगळं शिक्षण निजामाच्या शाळेत उर्दूतून झालेलं. त्यांना फारसीचे शेर पाठ होते आणि तुकोबांचे अभंगही. ते आजोबांना म्हणाले, "खाँसाब, पोराला पाठवा संध्याकाळी." मग माझे वडील रोज मगरीबनंतर त्यांच्या ओट्यावर जाऊ लागले. मास्तर पाटीवर एका बाजूला 'अलिफ' काढत आणि समोर 'अ'. 'बे' समोर 'ब'. 'काफ' समोर 'क'. जी भाषा त्यांना लहानपणी सक्तीने शिकावी लागली, तिचाच जिना करून त्यांनी आमच्या घराला मराठीत चढवलं. वडील सांगत की काही दिवसांनी आजोबाही 'मुलाला आणायला' म्हणून लवकर जाऊन बसू लागले. पाटीकडे बघत.

मास्तरांनी पैसे घेतले नाहीत. ईदला शीरखुर्मा मात्र हक्काने मागून घ्यायचे.

या दोन भाषांच्या लग्नाची गोष्ट मी माझ्या वर्गात अजून त्याच पद्धतीने सांगतो. मुलांना म्हणतो, तुमच्या मराठीच्या भीतीचं औषध तुमच्याच तोंडात आहे. 'शाई' कुठून आली? 'सियाही'मधून. 'कागद'? 'कागज'. 'हजेरी'? 'हाजिरी'. पाठीवरचं 'दप्तर' म्हणजे आपलं 'दफ्तर'. आणि 'नापास' तर बघा, 'पास' इंग्रजी आणि त्याला 'ना' फारसी, तरी शब्द पक्का मराठी. मुलं हसतात आणि मग सुलभभारतीचं पुस्तक तेवढं परकं वाटत नाही. हे काही माझं संशोधन नाही. मराठीवरच्या फारसीच्या प्रभावाबद्दल खुद्द अब्दुल हक साहेबांनी पुस्तक लिहिलं आहे. उर्दूचा बाबा इथे बसून मराठीचा अभ्यास करत होता. आणि निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी निजामाच्या नोकरीत राहून उर्दूत एवढे मुरले की पुढे गालिब आणि इक्बाल यांना त्यांनी मराठीत आणलं. भिंत दोन्हीकडून चढणारी माणसं होती.

राहायला जागा, वाचायला दिवा

1950 साली या शहरात आणखी एक गोष्ट घडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे कॉलेज काढलं. पुढच्या वर्षी, 1 सप्टेंबर 1951 ला, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. हेच मिलिंद महाविद्यालय. परिसराचं नाव नागसेनवन.

बाबासाहेबांनी मुंबई-पुणे सोडून मराठवाड्यात कॉलेज का काढलं, याचं उत्तर इथल्या परिस्थितीत आहे. तेव्हा सगळ्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नसल्यासारखीच होती. पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठा. मराठवाडा विद्यापीठ तर 1958 च्या 23 ऑगस्टला सुरू झालं. नागसेनवनात येणारा मुलगा बहुतेक वेळा त्याच्या घरातला, कित्येकदा त्याच्या गावातला पहिला शिकणारा होता. त्याच्या घराकडून अभ्यासाची अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. म्हणून तिथे कॉलेजच्या बरोबरीने वसतिगृहाला महत्त्व आलं. राहायला जागा, दोन वेळचं जेवण, वाचायला दिवा, आणि आपल्यासारखीच आणखी शंभर मुलं. मराठीतल्या दलित साहित्याच्या चळवळीतली कितीतरी नावं या नागसेनवनातून पुढे आली, ते उगाच नाही.

बाबासाहेबांच्याही आधी हे ओळखलं होतं कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. शाळा फुकट केली तरी गरिबाचं पोर शहरात राहील कुठे, हा प्रश्न त्यांनी धरला आणि एकेका समाजासाठी वसतिगृह उभं केलं. 1906 मध्ये त्यांनी मुसलमान मुलांसाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, बोर्डिंग काढलं आणि त्या सोसायटीचं अध्यक्षपद स्वतःकडे ठेवलं. एक मराठा राजा मुसलमान मुलांच्या बोर्डिंगचा अध्यक्ष होतो, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली पाहिजे. मी सांगतो तेव्हा त्यांचे डोळे मोठे होतात.

आपल्या समाजासाठी या शहरात मोठं काम झालं ते 1963 मध्ये. डॉ. रफिक झकेरिया औरंगाबादहून आमदार झाले होते, राज्यात मंत्री होते. त्यांनी रौजाबागेत मौलाना आझाद कॉलेज सुरू केलं. पोलीस ॲक्शननंतर खचलेल्या, मागे सरलेल्या समाजाला त्यांनी सांगितलं की गेलेलं राज्य आठवत बसू नका, मुलं शिकवा. माझे वडील त्या कॉलेजात गेले. त्यांना घेऊन जायला कोण आलं होतं? ओट्यावरचे मास्तर. फॉर्म त्यांनीच भरला. मराठीत.

मधली जागा

एवढं सगळं नजरेखालून घातल्यावर मला त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर थोडं थोडं दिसू लागलं.

या शहरात प्रत्येक पिढीत असं मूल होतं ज्याच्या घराला शाळा कळत नव्हती आणि शाळेला घर. आधी मराठी मूल. मग आमचं मूल. मग नागसेनवनात आलेलं खेड्यातलं मूल. त्यांतली जी तरली, ती फक्त घराच्या जोरावर तरली नाहीत आणि फक्त शाळेच्या जोरावरही नाहीत. दोन्हींच्या मध्ये कुणीतरी उभं होतं. कुठे वसतिगृह, कुठे हिप्परग्याचा संन्यासी, कुठे गल्लीच्या तोंडाचा ओटा. या मधल्या जागेला नाव नसतं, अनुदान नसतं, पण मूल पडतं तेही तिथेच आणि उचललं जातं तेही तिथेच.

जुन्या लोकांना हे कळत होतं. पाणचक्की पाहायला आपण पाहुण्यांना घेऊन जातो. पाण्यावर फिरणारं जातं बघून मुलं खूश होतात. पण ते जातं कशासाठी होतं? बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहमध्ये येणाऱ्या मुरीद, मुसाफिर आणि गोरगरिबांच्या पिठासाठी. काही मैलांवरून मातीच्या नळांतून पाणी आणायचं, त्यावर जातं फिरवायचं, आणि त्याच आवारात ग्रंथांचा मोठा संग्रह. पोट आणि पुस्तक एकाच छपराखाली. आपण ग्रंथसंग्रहाची गोष्ट विसरलो आणि जात्याचे फोटो काढत राहिलो.

आजचे आकडे काय सांगतात? 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात महाराष्ट्राबद्दल एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना ठाऊक असते. 2001 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातल्या मुसलमानांची साक्षरता राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित जास्तच होती. म्हणजे आपली मुलं शाळेत येतच नाहीत, हे आपल्या राज्यापुरतं खरं नाही. आणि मुसलमान मुलं सगळी मदरशात असतात, हा समजही त्याच अहवालाने खोडला. देशभरात शाळेच्या वयातली फार तर चार टक्के मुस्लिम मुलं मदरशात शिकतात. बाकीची शाळेतच येतात. आणि मग निघून जातात. देशातल्या 6 ते 14 वयोगटातल्या मुस्लिम मुलांपैकी एक चतुर्थांश एक तर कधी शाळेत गेली नव्हती किंवा मध्येच बाहेर पडली होती.

माझ्या वर्गात मी हे रोज बघतो. पाचवीत पन्नास असतात, दहावीत त्यातले किती उरतात ते मला मोजावं लागत नाही, बाक सांगतात. मुलगा आठवीत गेला की मामाच्या गॅरेजवर 'नुसता बसायला' जातो. मुलगी नववीत गेली की घरच्यांना शाळा लांब वाटू लागते. शाळा तिथेच असते. उर्दूतून दहावी झालेलं मूल अकरावीला मराठी किंवा इंग्रजी वर्गात जाऊन बसतं आणि दिवाळीपर्यंत गप्प होतं. आपण म्हणतो, पोराचं लक्ष नाही. आजोबांना नळपट्टी वाचता येत नव्हती तेव्हा त्यांचंही लक्ष नव्हतं का?

आताचा ओटा

निराश होण्यासारखं मात्र नाही. कोरोनात शाळा बंद होत्या, एका फोनवर तीन भावंडं शिकत होती, तेव्हा 2021 च्या सुरुवातीला आपल्या शहरात शाळकरी वयाच्या एका मुलीने मोहल्ल्यातल्या मुलांसाठी ग्रंथालय सुरू केलं. काही पुस्तकं स्वतःची, काही वडिलांनी दिलेली. रीड ॲन्ड लीड फाउंडेशनच्या मदतीने मोहल्ला लायब्ररीची ती कल्पना बघता बघता शहराच्या अनेक वस्त्यांत पोहोचली. उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळी पुस्तकं एकाच कपाटात. एका मुलीला जे सुचलं ते आम्हा शिक्षकांना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. थोडी वाटते.

मला त्यात माझ्या वडिलांचा ओटा दिसतो. फक्त माणसं बदलली आहेत.

उर्दूची पाठ्यपुस्तकं वाचलेल्या कुणालाही अब्दुल हक साहेबांचं 'नामदेव माली' आठवत असेल. हा नामदेव आपल्याच शहरातला. मकबऱ्याच्या बागेत माळी होता. तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या जातीतला, शाळेत न गेलेला. त्याला मूलबाळ नव्हतं, झाडांनाच तो आपली मुलं समजायचा. प्रत्येक रोपट्याजवळ बसून त्याची विचारपूस केल्यासारखा त्याला न्याहाळायचा. दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा दुसऱ्यांच्या बागा सुकल्या, पण त्याची हिरवी राहिली, कारण तो रात्रीबेरात्री लांबून पाणी वाहून आणत होता. बक्षीस देऊ केलं तर म्हणाला की स्वतःची पोरं वाढवण्याचं कसलं बक्षीस. अब्दुल हक विद्वानांचा गोतावळा असलेला माणूस, मोठमोठ्या लोकांवर त्यांनी लिहिलं. त्याच पुस्तकात त्यांनी या माळ्यालाही बसवलं.

हा धडा मी किती वेळा शिकवला असेल. प्रश्नोत्तरं लिहून घेतली, शब्दार्थ पाठ करून घेतले. पण एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. नामदेवला वनस्पतीशास्त्र येत नव्हतं. तो झाडाला काही शिकवत नव्हता. तो फक्त रोज त्याच्याजवळ बसायचा, बघायचा, आणि पाणी कमी पडणार नाही याची काळजी घ्यायचा.

त्या आईला हेच सांगायला हवं होतं.

पुढच्या महिन्यात मी तिच्या घरी गेलो. एकच खोली, पाच माणसं. टीव्ही चालू होता. मी म्हटलं, तुम्हाला अलिफ-बे येत नसू दे. मगरीब ते इशा टीव्ही बंद ठेवता येईल का? पोराला त्या कोपऱ्यात बसवा. आज शाळेत काय झालं ते त्याला तोंडी सांगायला लावा, तुमच्या बोलीत. तुम्हाला कळलं नाही तर म्हणा, कळलं नाही, परत सांग. ज्याला दुसऱ्याला सांगता येतं त्याला ते आलेलं असतं. आणि आठवड्यातून दोन दिवस त्याला माझ्याकडे पाठवा, मराठीचं मी बघतो. मी तुमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो.

तिने विचारलं, "बस, इत्ताच?"

मी म्हटलं, इत्ताच. पण रोज.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या घरी चार मुलं येतात. तो येतो, त्याची धाकटी बहीण येते, शेजारची दोघं येतात. त्यांतलं एक मराठी शाळेतलं आहे. त्याच्या आजोबांकडे उर्दूतलं जुनं खरेदीखत निघालं, ते वाचता यावं म्हणून त्याला अलिफ-बे शिकायची आहे. मी पाटी घेतो. एका बाजूला 'अ' काढतो, समोर 'अलिफ'. मास्तर काढायचे त्याच्या उलट.